एक वाजताचा नाश्ता

अर्जात मुख्य विषयाला मोठा चौकोन होता,
गौण विषयाला लहान.
त्या लहान चौकोनात मी एक अख्खा देश बसवला,
वर त्याचे शेजारी.
‘आफ्रिकेचं शिंग’ लिहिताना शाई जरा फुटली.

बाबा फोनवर म्हणाले, तिकडे राहायला जाणार आहेस?
नाही.
लग्नबिग्न?
नाही हो.
मागे बांधावर मेंढ्या ओरडत होत्या,
बांधापलीकडे उत्तर समुद्र, तोही ऐकत असावा.
मग कशाला, फेन्या?
आणि हाम्बुर्गमध्ये चौथ्या मजल्यावर
तो प्रश्न चार सत्रं
माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिला.

खुर्च्या बारा होत्या, आम्ही तिघं.
तालेया, मी, आणि जहाजांना वाट दाखवून निवृत्त झालेला हिनर्क,
जो कुठल्याही नकाशात आधी बंदर शोधायचा
आणि इथिओपियाला ते नाही म्हणून दर मंगळवारी हळहळायचा.
देमिसे सर फळ्यावर अक्षरं मांडत :
एकेका व्यंजनाची सात रूपं,
कुणाला पाय फुटलेला, कुणाच्या कानात बाळी,
सातावर थांबलेली बाराखडी.
हा ‘त’ नुसता म्हणू नका, म्हणत, फोडा,
वाळली शेंग तडकते तसा.
हिनर्कची कवळी एकदा वहीवर आली.

पाचव्या आठवड्यात घड्याळ.
तिथे दिवस मध्यरात्री चोरपावलांनी शिरत नाही.
उजाडतं, मग मोजणी.
आपले सात तो त्यांचा एक.
मी परीक्षेत सगळं बरोबर लिहिलं
आणि विसरले.

शनिवार-रविवार मी बार्मबेकच्या वृद्धाश्रमात काम करते,
खोलीचं भाडं काही विद्यापीठ भरत नाही.
खोली अठरा, असेगेदेचबाई.
एकेचाळीस वर्षं इस्पितळाच्या चादरींना घड्या घातल्या,
आता जर्मन भाषा
एकेक घडी करून परत देत चाललेल्या.
नोंदवहीत लिहिलेलं : वेळेचं भान नाही.
सकाळी सातला विचारतात, एक वाजला, नाश्ता कुठाय?
आठची गोळी म्हटलं की भांडतात, आठ नाही, दोन!
मुलगा सहाला येणार म्हणून बाराला दारात उभ्या.
डॉक्टर म्हणाले, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं.
बाईंनी सुरेख गोल काढला
आणि काटे पाच वाजून दहावर ठेवले.
शून्य गुण.

हे पान मी वीसेकदा तरी वाचलं असेल.
मग एका रविवारी, काखेत थर्मामीटर लावून थांबलेली,
बोटांवर मोजत गेले.
साताचा एक. बाराचे सहा. अकराचे पाच.
बाई एकदाही चुकल्या नव्हत्या.

वाकून म्हटलं, ‘तेना यिस्तिलिञ.’
‘त’ नीट तडकला नाही.
त्यांनी आधी तो दुरुस्त केला,
मग माझ्याकडे पाहिलं.
कुठे शिकलीस?
विद्यापीठात.
तिथे आम्हाला शिकवतात?
हो, गौण विषय म्हणून. पण ‘गौण’ मला येत नव्हतं,
मी ‘छोटा’ म्हटलं.
त्या हसल्या, पार ठसका लागेपर्यंत.
परीक्षा असते?
असते.
मग आमच्यात नापास किती?

ती ओळ खोडायची मला परवानगी नाही.
खाली पेन्सिलीनं लिहून ठेवलं :
सहा तास मिळवा.
सोमवारी कुणीतरी शेजारी प्रश्नचिन्ह काढलेलं,
तेही पेन्सिलीनंच.

बाबांचा फोन आला. गोठ्यातलं घड्याळ बंद पडलंय,
किती वाजलेत गं?
चार, मी म्हटलं.
खिडकीत चांगलं दहाचं ऊन होतं.
मेंढ्या ओरडत होत्या.
परत सांग, बाबा म्हणाले.